विश्लेषण : आतड्यांचा दाह पुन्हा पुन्हा का उफाळतो? आयबीडीचे ‘ट्रिगर’ कोणते आणि ते ओळखायचे कसे?

जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिन्झो आबे यांनी २८ ऑगस्ट २०२० रोजी पत्रकार परिषद घेऊन पद सोडत असल्याचे जाहीर केले. किशोरवयापासून सोबत असलेला ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा मोठ्या आतड्याचा आजार पुन्हा उफाळला होता. २००७ मध्ये त्यांची पंतप्रधानपदाची पहिली कारकीर्द वर्षभरातच संपली, त्यातही या आजाराचा मोठा वाटा होता. पुढे नव्या औषधाने तो आटोक्यात आला, २०१२ मध्ये आबे पुन्हा पंतप्रधान झाले आणि सुमारे पावणेआठ वर्षे त्या पदावर राहिले. इतकी वर्षे शांत राहिलेला आजार पुन्हा उचल का खातो, हा प्रश्न भारतातील रुग्णांनाही पडतो. बहुतेकांचे पहिले बोट ‘काल काय खाल्ले’ याकडे जाते. मात्र हे उत्तर बऱ्याचदा अपुरे आणि काही वेळा दिशाभूल करणारे ठरते.

आयबीडी म्हणजे नेमके काय?

‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’ म्हणजेच आयबीडी हा आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारा आजार. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सलग सूज येते आणि जखमा होतात. ‘क्रोन्स’ आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही, तुटक तुटक होऊ शकतो. तो आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, त्यामुळे आतडे अरुंद होणे किंवा भगेंद्र होणे असे प्रकार त्यात दिसतात. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडले.

नावात साम्य असले तरी ‘आयबीएस’ हा वेगळा विकार आहे. आयबीएसमध्ये पोट बिघडते, पण आतड्याला सूज किंवा जखमा नसतात. आयबीडीमध्ये रक्तमिश्रित जुलाब, आव, मुरडा, वजन घटणे, रक्तक्षय, सांधेदुखी अशी लक्षणे दिसू शकतात. आजार काही काळ शांत राहतो, मग उफाळतो. या उफाळण्याला डॉक्टर ‘फ्लेअर’ म्हणतात.

भारतात निदानाला उशीर का होतो?

‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात १९९० मध्ये आयबीडीचे सुमारे १ लाख ३० हजार रुग्ण होते, २०१९ मध्ये ही संख्या २ लाख ७० हजारांच्या आसपास पोहोचली. शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे मूळव्याध समजून घरगुती उपाय किंवा जाहिरातीतील औषधे घेतली जातात. संकोचामुळे घरातही कुणाला सांगितले जात नाही. यात महिने, कधी वर्षे जातात.

दुसरी अडचण क्षयरोगाची. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमा आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल यांत इतके साम्य असते की अनुभवी डॉक्टरांनाही फरक करणे कठीण जाते. अशा वेळी काही रुग्णांना आधी क्षयरोगाचे औषध देऊन प्रतिसाद पाहिला जातो. क्षय असताना चुकून क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय पसरू शकतो, म्हणून ही सावधगिरी.

कारण वेगळे, निमित्त वेगळे…

आयबीडीचे एकच एक कारण सापडलेले नाही. आनुवंशिकता, आतड्यांतील जिवाणूंचे बिघडलेले संतुलन, भोवतालची परिस्थिती आणि प्रतिकारयंत्रणेचा चुकलेला प्रतिसाद यांच्या एकत्र येण्यातून तो होतो. क्रोन्सशी जोडलेला ‘नॉड-२’ हा जनुक २००१ मध्ये ओळखला गेला. पण तो बदल असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही.

ट्रिगर म्हणजे आजाराचे कारण नव्हे, तर शांत असलेला दाह पुन्हा भडकवणारे निमित्त. हा फरक लक्षात घेतला तर दोन गैरसमज दूर होतात. एक, रुग्णाने स्वतःच्या चुकीमुळे आजार ओढवून घेतलेला नसतो. दोन, एखादा पदार्थ सोडला म्हणून आजार मुळापासून जात नाही. अनेक फ्लेअर तर कोणतेही निमित्त न सापडता येतात.

सर्वांत टाळता येण्याजोगे निमित्त कोणते?

औषध मध्येच सोडणे. बरे वाटू लागले की गोळ्या बंद करण्याची सवय तापाच्या आजारात खपून जाते, आयबीडीत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामाइन हे औषध दाह शांत झाल्यावरही चालू ठेवावे लागते. शांत अवस्थेतील रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ठरवून दिलेल्या औषधाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी औषध घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक आढळला.

खर्च, गोळ्यांची संख्या, ‘आयुष्यभर औषध’ या शब्दांची धास्ती आणि नातेवाईकांचे सल्ले ही औषध सोडण्याची नेहमीची कारणे. गर्भधारणा झाली की घाबरून औषध थांबवणाऱ्याही अनेक जणी असतात. प्रत्यक्षात आयबीडीची बहुतेक औषधे गरोदरपणात चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे मात्र आधीच बंद करावी लागतात. गरोदरपणात आजार उफाळणे आई आणि बाळ दोघांसाठी अधिक धोक्याचे असते. त्यामुळे दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलणे हिताचे.

स्टेरॉइडबाबत चूक उलट्या दिशेने होते. फ्लेअरमध्ये ते लवकर आराम देते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर रुग्ण ते स्वतःच पुन्हा सुरू करतात. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि संसर्गाचा धोका वाढतो. अचानक बंद करणेही धोकादायक. ते सुरू करणे आणि हळूहळू कमी करणे, दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

वेदनाशामके, प्रतिजैविके आणि तंबाखू यांचा काय संबंध?

डोके किंवा कंबर दुखली की औषधाच्या दुकानातून घेतली जाणारी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके आतड्याच्या अस्तराला इजा करू शकतात आणि काही रुग्णांत फ्लेअरचे निमित्त ठरतात. साध्या दुखण्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. दंतवैद्य किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाताना आयबीडी असल्याचे आधीच सांगितले तर हा धोका टळतो.

प्रतिजैविकांमुळे आतड्यांतील उपयुक्त जिवाणू कमी होतात. त्यातून ‘क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल’ या जिवाणूचा संसर्ग झाला तर त्याची लक्षणे हुबेहूब फ्लेअरसारखी दिसतात. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जंतूंमुळे झालेली अन्नविषबाधाही आजार भडकवू शकते. म्हणून जुलाब वाढले की औषधाची मात्रा वाढवण्याआधी शौचाची तपासणी करून संसर्ग नाही ना, हे पाहिले जाते. पावसाळ्यात उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि बाहेरची चटणी, बर्फ, कापून ठेवलेली फळे टाळणे ही साधी काळजी इथे मोलाची ठरते.

धूम्रपानाने क्रोन्स बळावतो, शस्त्रक्रियेची गरज वाढते आणि शस्त्रक्रियेनंतरही आजार लवकर परततो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये चित्र काहीसे वेगळे असून, धूम्रपान सोडल्यानंतर काहींमध्ये आजार दिसू लागतो. मात्र कर्करोग आणि हृदयविकाराचा धोका पाहता कोणताही डॉक्टर उपचार म्हणून धूम्रपान सुचवत नाही.

मग खायचे काय आणि सोडायचे काय?

सर्व रुग्णांना लागू पडेल असा एकच आहार नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. काही पदार्थांनी पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात; पण त्यामुळे आतड्याचा दाह वाढतोच असे नाही. दुधातील साखर न पचणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अशांना दूध सोसत नाही, दही किंवा ताक मात्र चालू शकते. तिखट मिसळ, तळलेले पदार्थ, जास्त चहा-कॉफी, मद्य यांनी लक्षणे वाढू शकतात. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे.

दीर्घकालीन धोक्याचा विचार करता अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांबाबत पुरावे वाढत आहेत. भारतासह २१ देशांतील १ लाख १६ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पाकीटबंद खारे पदार्थ, शीतपेये, प्रक्रिया केलेले मांस असे पदार्थ अधिक खाणाऱ्यांत आयबीडी होण्याचे प्रमाण जास्त दिसले. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालेले नाही. तरी हे पदार्थ कमी करण्यात नुकसान काहीच नाही.

तंतुमय पदार्थ सरसकट बंद करणे ही दुसरी टोकाची चूक. आतडे अरुंद झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांनी कच्च्या कोशिंबिरी, शेंगदाणे, कणीस, फळांच्या साली आणि बिया टाळाव्यात. तीव्र फ्लेअरमध्ये मऊ भात, मुगाचे वरण, शिजवलेला दुधी, केळे असा हलका आहार सोसतो. आजार शांत असताना मात्र बहुतेकांना भाकरी, भाज्या, डाळी पूर्ववत खाता येतात. एकेक पदार्थ भीतीपोटी सोडत गेल्यास वजन, लोह, प्रथिने, ‘ड’ आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्व घटते आणि रुग्ण आजाराइतकाच कुपोषणाने खचतो. हळदीतील कर्क्युमिनचा मेसालामाइनच्या जोडीला उपयोग होत असल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. पण ते औषधाला पर्याय नाही.

ताणामुळे आजार होतो का?

ताणामुळे आयबीडी होतो, असे म्हणता येत नाही. मात्र मेंदू आणि आतडे यांच्यात चेतातंतू आणि संप्रेरकांमार्फत सतत संवाद चालू असतो आणि दीर्घकाळचा ताण, नैराश्य, अपुरी झोप यांचा फ्लेअरशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. उलट दिशेनेही हे घडते. लोकलमध्ये दीड तास स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने घराबाहेर पडणेच टाळणारे रुग्ण आहेत. परीक्षा, लग्न, नोकरीतील बदल अशा काळात झोप आणि औषधांच्या वेळा सांभाळणे, गरज पडल्यास समुपदेशकाची मदत घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो. ‘फार विचार करतोस म्हणून होते’ असे म्हणून रुग्णाला दोष दिल्याने ताण वाढतोच.

स्वतःचा ट्रिगर ओळखायचा कसा?

सहा ते आठ आठवड्यांची नोंदवही उपयोगी पडते. मोबाइलवर रोज पाच गोष्टी टिपल्या तरी पुरे : काय खाल्ले, किती वेळा शौचाला जावे लागले आणि रक्त होते का, औषध वेळेवर घेतले का, दुसरे कोणते औषध घेतले, झोप आणि ताण कसा होता. एका दिवसाच्या त्रासावरून निष्कर्ष काढू नये. तोच पदार्थ तीन-चार वेळा खाल्ल्यावर तसाच त्रास झाला, तर तो काही दिवस थांबवून पुन्हा थोड्या प्रमाणात खाऊन पाहावा.

त्रास आतड्याच्या दाहाचा आहे की केवळ न पचल्याचा, हे नोंदवही सांगू शकत नाही. त्यासाठी शौचातील ‘कॅलप्रोटेक्टिन’ या प्रथिनाची तपासणी आहे. हे प्रमाण सामान्य असेल तर लक्षणांमागे दाह असण्याची शक्यता कमी. २५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दाह सक्रिय असल्याची शक्यता अधिक. पहिल्या परिस्थितीत आहार बदलून भागू शकते, दुसऱ्यात उपचार बदलावे लागतात. फ्लेअर नसतानाही तपासण्या चुकवू नयेत. मोठ्या आतड्याचा बराच भाग बाधित असेल तर कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून आजार सुरू होऊन सुमारे आठ वर्षे झाल्यावर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी सुचवली जाते.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

दिवसात सहा किंवा त्याहून अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ताप, नाडीचा वेग मिनिटाला ९० पेक्षा जास्त किंवा ठळक रक्तक्षय असेल, तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिसचा तीव्र झटका समजला जातो आणि रुग्णाला दाखल करावे लागते. पोट फुगून कडक होणे, सतत उलट्या, शौच आणि वायू दोन्ही अडणे, चक्कर येणे ही लक्षणेही थांबण्यासारखी नाहीत. अशा वेळी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. सुजलेले आतडे त्यामुळे धोकादायकरीत्या फुगू शकते. घेत असलेल्या औषधांची यादी आणि शेवटच्या तपासण्यांचे अहवाल मोबाइलमध्ये ठेवले, तर रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरांसमोरही उपचार लवकर सुरू होतात.