गाडी ऊसतोडीला निघते तेव्हा

दिवाळी उलटली आहे. सातपुड्यातल्या मोलगीचा बाजार सकाळीच भरलाय, पण कडेच्या पिकअपभोवती दाटलेली माणसं बाजारहाटाला आलेली नाहीत. गोधड्यांची गाठोडी, पातेली, पिठाची पोती, फडक्यात गुंडाळलेले कोयते वर चढताहेत. गाडी दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला जाणार. तान्ही पोरं आईच्या कडेवर. शाळेच्या वयाची दोघं मात्र खालीच, एका म्हातारीचं लुगडं धरून उभी. तिचा मुलगा वरून ओरडून काही सांगतो, इंजिनाच्या आवाजात ते विरतं. गाडी देवगोई घाटाकडे वळते. म्हातारी पोरांना घेऊन थेट मिठाच्या दुकानी जाते.

मी इथल्या आशा कार्यकर्तीबरोबर, आशाताईंबरोबर आहे. बाजाराच्या दिवशी त्यांना पाड्यापाड्यांवरची माणसं इथंच भेटतात. मघाच्या आजीला आशाताई सावलीत बसवतात. तिशीपुढच्या माणसांसाठी आशांकडे जो तपासणीचा फॉर्म असतो, त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास-हताश वाटलं का. आशाताई ते वाचून दाखवत नाहीत.

“आजी, यंदा काठीच्या होळीला गेली होतीस?”

“नाही.”

“गुडघे दुखतात म्हणून?”

“कोणासंगं जाऊ?”

काठी गावची होळी चुकवणं म्हणजे काय, हे या डोंगरात कोणाला सांगावं लागत नाही. आशाताई गप्प होतात, मग झोपेचं विचारतात. पहाटे कोंबड्याच्या आधी जाग येते. जेवण जात नाही. डोकं जड. नवरा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला. बहीण नर्मदाकाठच्या गावची. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा तिचं घर तळोद्याकडच्या वसाहतीत गेलं, आता भेट लग्नाकार्यालाच. निराधार योजनेचा पगार महिन्याला दीड हजार, पण झिजलेल्या बोटाचा ठसा मशीन घेत नाही म्हणून दोनदा रिकाम्या हातानं परतावं लागलंय. यातलं एकही दुःख म्हणून ती सांगत नाही. विचारलं तेवढं उत्तर देते, नजर पोरांवर.

“वय झालं, दुसरं काय!” शेजारचा दुकानदार आपुलकीनं म्हणतो. मला ते पटत नाही. चार हातांवर तिच्याच वयाची एक बाई भगरीचा ढीग मांडून बसली आहे आणि व्यापाऱ्याशी रुपयारुपयासाठी जोरात भांडते आहे. तिची सून मापं भरतेय, नवरा मागे विडी ओढतोय. सुरकुत्या दोघींच्या सारख्याच.

२०१७-१८ च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं दिसली. निदान झाल्याचं सांगणारे जेमतेम ०.८ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ जणांना आपल्याला काय झालंय हे कोणी सांगितलेलंच नाही. विधवा, खेड्यातल्या, एकट्या राहणाऱ्या बायांमध्ये हे प्रमाण जास्त. आकडे मी वाचले होते. इथं त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच माणसाच्या पदरात पडलेली दिसते, आणि वर दोन नातवंडांची जबाबदारी, मार्च-एप्रिलपर्यंत.

ती जबाबदारी तिला वाकवतेय की उभी धरतेय, मला ठरवता येत नाही. धाकटा जिलेबीकडे बोट दाखवतो तेव्हा ती कनवटीची नोट काढते, मोडून घेते, उरलेले पैसे दोनदा मोजते. एवढा वेळ तिचा चेहरा जागा असतो.

आशाताई वहीत नाव लिहितात, मुलाच्या मुकादमाचा नंबर लिहितात.

“पुढच्या बाजाराला लवकर ये. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे नेते.”

“गुडघ्यासाठी?”

“गुडघ्यासाठी, आणि झोपेसाठीही. त्याला गोळ्या असतात, बोलायला माणूस असतं.”

“मग पोरांना कोण रांधून घालील?”

“त्यांनाही घेऊन ये,” आशाताई म्हणतात, आणि फॉर्म भरायला घेतात.