पाठवणी डिस्कच्या कडेला असते

मामेबहिणीचं लग्न २००६ सालचं, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कार्यालयातलं. त्याच्या तीन डीव्हीडी परवा मामीने कापडी पिशवीतून आणून दिल्या. मार्करने लिहिलेलं : ‘हळद’, ‘लग्न’, ‘रिसेप्शन’. “पेनड्राइव्हवर टाकून दे रे, आता प्लेअर आहे कुणाकडे?” एवढंच म्हणाली. भाच्याने लगेच एम. जी. रोडवरून कोटेशन आणलं : नवं ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, ३२ जीबी रॅम. आकडा बघून मी म्हटलं, थांब, आधी काम अडतं कुठे ते बघू.

अडण्याचा हा प्रश्न नाशिकला नवा नाही. १९१३मध्ये दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाचं बिऱ्हाड मुंबईहून इथे हलवलं. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवावं लागे आणि कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. हँडल कितीही जोरात फिरवलं तरी भोकं पाडलेली फिल्म हाती आल्याशिवाय पुढचं काही हलणार नव्हतं.

डीव्हीडीचंही तसंच. त्यात दोन अगदी वेगळी कामं असतात. पहिलं, डिस्कवरचा मजकूर उचलून हार्ड डिस्कवर ठेवायचा. दुसरं, त्या जुन्या एमपेग-२ व्हिडिओचं मोबाइलवर चालणाऱ्या लहान फाइलमध्ये रूपांतर करायचं.

पहिल्या कामात प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असतो. सगळं ओझं ड्राइव्हवर. डीव्हीडीचा मूळ वेग, म्हणजे ‘१एक्स’, सेकंदाला साधारण १.४ एमबी. त्या वेगाने ४.७ जीबीची भरलेली डिस्क उचलायला तासभर लागेल. डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हवर ‘१६एक्स’ लिहिलेलं असतं, पण तो वेग मिळतो फक्त बाहेरच्या कडेला. डिस्क एकाच गतीने फिरते, मिनिटाला सुमारे १० हजार फेऱ्या. आतल्या वर्तुळाचा परीघ लहान, त्यामुळे तिथे तेवढ्याच फेरीत कमी मजकूर लेसरखालून जातो. तरीही चांगली डिस्क पाच-सहा मिनिटांत उतरते. लॅपटॉपला जोडायच्या चपट्या ड्राइव्हला, बहुधा ८एक्स असल्याने, त्याच्या दुप्पट वेळ. साधी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० एमबी सहज लिहिते, म्हणजे ड्राइव्ह देऊ शकेल त्याच्या कितीतरी पट जास्त. कोटेशनमधली एसएसडी इथेच कटली. पिशवीत पन्नास डिस्क असतील तर जुन्या कॅबिनेटमध्ये दुसरा ड्राइव्ह बसवावा. अर्धा वेळ वाचतो आणि खर्चही फार नाही.

दुसरं काम मात्र खरोखर घाम काढतं. आपल्याकडच्या डीव्हीडीतलं प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५. रूपांतर करणारा एच.२६४ एन्कोडर ढोबळमानाने हे चित्र १६ बाय १६च्या ठोकळ्यांत तोडतो, म्हणजे चित्रामागे १,६२० ठोकळे, सेकंदामागे ४०,५००. प्रत्येक ठोकळ्यासाठी तो आजूबाजूच्या चित्रांत शोधतो : हा तुकडा आधी कुठे होता, किती सरकला? मांडवाचा पडदा हलत नाही, तो एकदाच साठवायचा. हार घालणारा हात सरकतो, तर ‘इतका सरकला’ एवढंच लिहायचं. दोन तासांच्या डिस्कमध्ये १ लाख ८० हजार चित्रं. त्यात जुन्या कॅमेऱ्यांनी प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणून नवरदेव मान हलवतो तेव्हा मुंडावळ्यांना कंगव्यासारखे दात फुटतात. ते विंचरायचं कामही प्रोसेसरचंच.

इथे जास्त कोअर उपयोगी पडतात, सहा-आठपर्यंत तरी. पुढे डीव्हीडीचं चित्रच एवढं छोटं की सगळ्यांना पुरेसं काम वाटता येत नाही. रॅम ८ जीबी पुरते. आणि मे महिन्यात पंख्यातली धूळ काढा. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल मोठा गैरसमज आहे. गेम चालवणारे हजारो कोअर हे काम करत नाहीत. चिपमध्ये त्यासाठी वेगळा छोटा विभाग कोरलेला असतो. इंटेलने २०११मध्ये क्विक सिंक थेट प्रोसेसरमध्ये दिलं, एनव्हीडियाने पुढच्या वर्षी कार्डात एनव्हीएन्क. एकाच पिढीच्या स्वस्त आणि महाग कार्डांत हा विभाग बहुतेकदा सारखाच असतो, त्यामुळे महागडं कार्ड घेऊन लग्नाची डिस्क काही लवकर होत नाही. उलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो तो नीट बघून घ्या : त्यात ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. हा विभाग तासाचं काम मिनिटांत करतो, पण घाईत शोध थोडा वरवरचा होतो. तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र जरा कमी सुबक येतं.

माझं मत विचाराल तर साड्यांसारखं करावं. ठेवणीतली प्रत रूपांतर न करता जशीच्या तशी. २०० डिस्कसुद्धा १ टीबीमध्ये मावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची रोजची प्रत क्विक सिंकने झटपट. (हे घरच्या डिस्कबद्दल. विकतच्या सिनेमांच्या डिस्कला कुलूप असतं, आणि २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात ते तोडण्याविरुद्ध कलम आहे.)

‘हळद’ आणि ‘रिसेप्शन’ सरळ उतरल्या. ‘लग्न’ ९३ टक्क्यांवर अडली. ड्राइव्ह घोंगावायचा, मंदावायचा, टक-टक करून परत घोंगावायचा. डीव्हीडीवर मजकूर आतून बाहेर लिहिला जातो, म्हणजे सीमांतपूजन मधल्या भोकाजवळ आणि पाठवणी अगदी कडेला, जिथे आपण बोटांनी डिस्क धरतो. घरी लिहायच्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन, उष्णता आणि वर्षं त्याला मानवत नाहीत. भाचा म्हणाला, वेगवान ड्राइव्ह आणू. मी माळ्यावरचा जुना काढला, वेग ४एक्सवर बांधला, वाचता न येणारी जागा सोडून पुढे जाणारं आणि नंतर तिथेच पुन्हा पुन्हा परतणारं सॉफ्टवेअर लावलं आणि झोपलो.

सकाळी पाठवणी उतरली होती. तीन-चार सेकंद मामाचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांत फुटला, मग पुन्हा जुळला. ठोकळे १६ बाय १६चे, मला लगेच दिसलं. मामी त्याच्या हाताकडे बघत होती.

“तो रुमाल मीच दिला होता,” म्हणाली.