अटकेस प्रतिकाराचा आरोप आणि वाहनचालकाचा बचाव : एक विवेचन

प्रस्तावना

नाकाबंदीत वाहन अडविले जाणे, श्वासाची चाचणी, त्यावरून होणारी शाब्दिक चकमक आणि अखेरीस 'सरकारी कामात अडथळा' आणल्याचा गुन्हा, हा घटनाक्रम वृत्तपत्रांच्या वाचकांस अपरिचित नाही. मूळ वाहतूक गुन्हा अनेकदा केवळ दंडावर मिटण्याजोगा असतो. त्यातून उद्भवणारा दुसरा आरोप मात्र अजामीनपात्र ठरू शकतो. नोकरी, पारपत्र आणि चारित्र्य पडताळणी यांच्या दृष्टीने महाविद्यालयीन तरुणास या फरकाची मोठी किंमत मोजावी लागते. अशा आरोपाच्या बचावाचा पाया कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अटकेची वैधता हा त्या बचावाचा केंद्रबिंदू होय. परंतु ती तपासण्याचे स्थान रस्ता नसून न्यायालय आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

आरोपांचे स्वरूप

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनी कलमेच लागू होतात. प्रस्तुत विषयाशी तीन कलमांचा प्रामुख्याने संबंध येतो. स्वतःच्या कायदेशीर अटकेस हेतुपुरस्सर प्रतिकार करणे हा न्याय संहितेच्या कलम २६२ खाली (पूर्वीचे कलम २२४) दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कार्यात स्वेच्छेने अडथळा आणल्यास कलम २२१ (पूर्वीचे १८६) अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला अथवा फौजदारीपात्र बलप्रयोग केल्यास कलम १३२ (पूर्वीचे ३५३) लागते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून त्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कलम ३५३ची शिक्षा महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्य दुरुस्तीद्वारे पाच वर्षांपर्यंत वाढविली होती. याखेरीज मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७९ अन्वये कायदेशीर निर्देशाची बुद्धिपुरस्सर अवज्ञा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन हजार रुपयांपर्यंत दंड होतो.

या कलमांतील सीमारेषा ओळखणे ही बचावाची पहिली पायरी होय. कलम १३२ साठी हमला किंवा बलप्रयोग अनिवार्य आहे, आणि केवळ शब्द म्हणजे हमला नव्हे, असे संहितेतच स्पष्टीकरण आहे. बेंगळुरू येथील एका दांपत्याने मोटारीच्या किरकोळ अपघातानंतर वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पृष्ठावर तक्रारवजा मजकूर लिहिला असता त्यांच्यावर कलम ३५३ लावण्यात आले. हमला वा बलप्रयोग नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. वाद घालणे, आवाज चढविणे किंवा नाव व पद विचारणे यांवरून हे कलम सिद्ध होत नाही.

कलम २२१ च्या बाबतीत कार्यपद्धतीचा अडसर आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे संबंधित लोकसेवकाची अथवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. कलम ३५३ हा स्वतंत्र गुन्हा असल्याने त्यास हे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दुर्गाचरण नाईक विरुद्ध ओरिसा राज्य (१९६६) या प्रकरणात स्पष्ट केले. परंतु वस्तुतः केवळ अडथळ्याचे असलेले कृत्य दुसऱ्या कलमाच्या नावाखाली मांडून हे बंधन चुकविता येणार नाही, हेही त्याच निर्णयात अधोरेखित झाले आहे.

अटकेची वैधता

कलम २६२ मधील 'कायदेशीर' हे विशेषण निर्णायक आहे. अटक कायदेशीर होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षावर असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ अन्वये विनावॉरंट अटकेचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यासच आहे. धोकादायक रीतीने किंवा मद्यप्राशन करून वाहन चालविणे यांसारखे विशिष्ट गुन्हे त्याच्या समक्ष घडल्यास, किंवा या अधिनियमाखालील गुन्हा करणाऱ्याने नाव-पत्ता देण्यास नकार दिल्यास तो वापरता येतो. मद्यप्राशनासाठी अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास तिला कोठडीतून मुक्त करावे लागते.

सर्वसाधारण अटकेच्या संदर्भात डी. के. बसू (१९९६) व अर्नेश कुमार (२०१४) हे निर्णय मार्गदर्शक आहेत. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचा स्पष्ट बिल्ला, साक्षीदाराच्या स्वाक्षरीचे अटक-ज्ञापन आणि अटकेच्या आवश्यकतेची कारणे यांवर त्यांत भर आहे. वरळी येथील २०२४ च्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. अटकेची कारणे सर्व गुन्ह्यांत, अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत, लेखी द्यावीत. तत्काळ शक्य नसल्यास तोंडी सांगून रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास ती लेखी पुरवावीत, असे न्यायालयाने ठरविले.

अवैध अटकेस प्रतिकार करता येतो काय ?

येथे सर्वाधिक गैरसमज आढळतो. अटक नियमबाह्य असेल तर बळाने विरोध करण्याचा हक्क आपोआप मिळतो, हे गृहीतक धोकादायक आहे. न्याय संहितेच्या कलम ३७ (पूर्वीचे ९९) प्रमाणे, मृत्यू वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, आणि लोकसेवक सद्भावनेने आपल्या पदाच्या अधिकाराखाली कृती करीत असेल, तर ती काटेकोरपणे कायद्यास धरून नसली तरी तिच्याविरुद्ध खाजगी संरक्षणाचा हक्क उरत नाही. समोरील व्यक्ती लोकसेवक आहे हे माहीत नसेल व तसे मानण्यास कारणही नसेल, तर मात्र हा हक्क अबाधित राहतो. साध्या वेषातील अधिकाऱ्याने ओळख न देता वाहनचालकास खेचल्यास हा अपवाद महत्त्वाचा ठरतो.

मद्यप्राशनाचा आरोप

अधिनियमाच्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चाचणीस नकार देणे हा बचाव नव्हे. कलम २०३ अन्वये तो अटकेचे कारण ठरू शकतो आणि वाजवी कारण न दाखविल्यास कलम २०५ अन्वये अभियोग पक्षाच्या पुराव्यास पूरक मानला जाऊ शकतो. दुसऱ्या बाजूने, महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले आहे की श्वासाला येणारा वास, अस्थिर चाल व असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मद्यधुंद अवस्था निःसंशय सिद्ध होत नाही. म्हणून यंत्राची नोंद, नमुना घेतल्याची वेळ, तो मोहोरबंद केल्याचा तपशील आणि प्रयोगशाळेपर्यंतचा त्याचा प्रवास यांची उलटतपासणी बचावासाठी मोलाची असते.

पुराव्याचा विचार

अशा खटल्यांत साक्षीदार बहुधा पोलीसच असतात. तेवढ्यावरून त्यांची साक्ष त्याज्य ठरत नाही. परंतु स्वतंत्र पंच, वैद्यकीय अहवाल आणि चित्रीकरण यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे प्रतिकार मोडून काढण्यासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. आरोपीच्या अंगावरील जखमा आणि अधिकाऱ्याच्या कथित जखमा यांची तुलना येथे बोलकी ठरते. चौकातील सीसीटीव्ही चित्रण कालांतराने पुसले जाण्याची शक्यता असल्याने ते जतन करण्याची लेखी मागणी विनाविलंब करावी. हे चित्रण सादर करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

समारोप

प्रतिकाराच्या आरोपाचा बचाव म्हणजे पोलिसांचा अधिकार नाकारणे नव्हे. तो अधिकार कायद्याने आखलेल्या मर्यादेत वापरला गेला काय, हे तपासणे होय. विद्यार्थ्यांना हा विषय शिकविताना दोन्ही बाजू एकत्र सांगणे अगत्याचे आहे. रस्त्यावर वाहन थांबवावे, नाव-पत्ता द्यावा, चाचणीस सामोरे जावे आणि अंगास हात लावू नये. अटकेची लेखी कारणे मागावीत, आप्तास कळविण्याचा व वकिलास भेटण्याचा हक्क बजावावा आणि आक्षेप असल्यास दंडाधिकाऱ्यासमोर मांडावेत. जो रस्त्यावर संयम राखतो, त्याच्याच पक्षाला न्यायालयात अवैध अटकेचा मुद्दा समर्थपणे मांडता येतो.