ताणावरच्या मोसंबीचं पान

मे महिन्यात पैठण-पाचोडच्या पट्ट्यात मृग बहार धरायचा म्हणून मोसंबीच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात. पाणी तोडलेलं, पारा चाळिशीपार. काही पानं पिवळी पडून गळतात. पण बाकीची हिरवीच राहतात. ती करपत कशी नाहीत?

पाणी वाचवायला पान आपली रंध्रं मिटतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो. ऊन थोडंच थांबतं? उन्हाने सुटलेले इलेक्ट्रॉन हरितलवकात येतच राहतात. साखर करण्यात ते खपले नाहीत, की काही थेट ऑक्सिजनलाच चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतो. तो आणि त्याची पिलावळ प्रथिनं, पेशीपडदे, डीएनए, काहीच सोडत नाही.

त्याला अडवतं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे प्रथिन. पालकाच्या पानातल्या या प्रथिनाची रचना जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये उलगडली, आणि ती बघण्यासारखी आहे! सुमारे दीडशे अमिनो आम्लांची साखळी वळत वळत आठ पट्ट्यांचं छोटंसं पिंप बनते. अशी दोन पिंपं एकमेकांना चिकटलेली. प्रत्येकात एक अणू तांब्याचा, एक जस्ताचा. जस्त घडी पक्की ठेवतं, काम तांबं करतं. ते एका सुपरऑक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेतं, त्याचा ऑक्सिजन होतो. पुढच्याला तोच इलेक्ट्रॉन देतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. तांबं होतं तसंच.

खरी कमाल आहे तांब्यापर्यंतच्या वाटेत. ती इतकी अरुंद, की मोठे रेणू शिरूच शकत नाहीत. शिवाय वाटेवर धनभारित अमिनो आम्लं बसलेली. नाथषष्ठीच्या दर्शनबारीत शिरलेला माणूस जसा थेट समाधीपाशी पोचतो, तसा ऋणभारित सुपरऑक्साइड तांब्यापाशी ओढला जातो. परिणाम? रेणूला पाण्यातून तिथवर यायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यात काम फत्ते. याहून वेगवान प्रथिनं फार थोडी.

उरलेलं पेरॉक्साइडही घातकच. हरितलवकात दुसरं एक प्रथिन क जीवनसत्त्व खर्चून त्याचं पाणी करतं. आपण मोसंबीत शोधतो ते जीवनसत्त्व झाडाला असं स्वतःसाठीच लागतं!

पालमपूरच्या संशोधकांनी तर एका हिमालयी वनस्पतीच्या डिसम्युटेजमधलं फक्त एक अमिनो आम्ल बदललं आणि त्याची उष्णता सोसण्याची ताकद वाढवली. २०१२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दीडशेतलं एक!

पेरॉक्साइड मोडणाऱ्या अशाच एका प्रथिनाचं काम तुम्हीही पाहू शकता. कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन थेंब टाका. क्षणात फेस येईल. ते बुडबुडे ऑक्सिजनचे, आणि ते काढणारं प्रथिन कॅटलेज.