पितरांच्या देव्हाऱ्यात लेकीला जागा नव्हती

हाँगकाँग, सिंगापूरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत लाल-सोनेरी कोरीव कामाची लहान लाकडी कपाटे दिसतात. हौशी गिऱ्हाईक ती दिवाणखान्याच्या शोभेसाठी नेते. मुळात ते चिनी घरातले पितरांचे देव्हारे. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीत ‘जुने ते मोडा’ म्हणत तरुणांनी असे कितीतरी देव्हारे फोडले, जाळले.

दक्षिण चीनमधील चाओचौचे कारागीर या कामात नावाजलेले. कापराच्या झाडाच्या लाकडात ते फुले, पक्षी, माणसे थरावर थर कोरीत आणि वर सोन्याचा वर्ख चढवीत. पण खरे मोल आतल्या साध्या उभ्या पाटीचे. पाटीवर मृताचे नाव असे. ‘राजा’ या अर्थाचे चिनी अक्षर आधी लिहून ठेवीत. मग एखादा मानाचा माणूस त्यावर ठिपका देई आणि त्या अक्षराचा अर्थ ‘स्वामी’ असा होई. त्या एका ठिपक्याने लाकडाचा पितर होई!

ही पाटी कोणाची? मुलाची. परक्या घरून आलेल्या सुनेचीही, नवऱ्याशेजारी. पोटच्या लेकीची मात्र नाही. तिची पाटी सासरी. लग्नच न केलेली लेक मेली, तर माहेरच्या देव्हाऱ्यात तिला जागा नसे. काही ठिकाणी तर तिने माहेरच्या घरात प्राण सोडणेही अशुभ मानीत.

ग्वांगडाँग प्रांतातील शुंदे भागात रेशमाच्या गिरण्या होत्या. तिथे राबणाऱ्या, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या अनेक मुलींनी लग्न नाकारले. नवरीचा अंबाडा इतरांनी घालायचा असतो. यांनी तो स्वतःच्या हाताने घातला आणि आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली. १९३० नंतर रेशमाचा धंदा बसला, तेव्हा कित्येकजणी सिंगापूर, हाँगकाँगला घरकामाला गेल्या. पांढरा सदरा, काळी विजार, दुसऱ्याची मुले सांभाळायची. तरी म्हातारपणी टेकायचे कुठे आणि मेल्यावर पाटी कोण ठेवणार, हा घोर होताच. म्हणून त्या वर्गणी काढून सामाईक घरे बांधीत. अनेकजणी क्वान-यिनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, उपासना करीत.

शुंदेतील जुनआन गावी असे एक घर उभे आहे, बिंगयुतांग. सिंगापुरात धुणीभांडी करणाऱ्या बायांनी १९५० च्या सुमारास पैसे पाठवून ते बांधले. आज तिथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर पाट्यांच्या रांगा आहेत, आणि त्या पाट्यांवर नावे लेकींची आहेत.