उपनगरांच्या वेशीवर अडलेलं खातं

1970च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे एक केंद्रीय मंत्री डेट्रॉईटला लागून असलेल्या वॉरन या शहरात गेले. जमावाने त्यांची हुर्यो उडवली आणि पोलिसांच्या कड्यातून त्यांना बाहेर पडावं लागलं. हे जॉर्ज रॉम्नी काही उपरे नव्हते. त्याच मिशिगन राज्याचे ते माजी गव्हर्नर आणि त्याआधी मोटार कंपनीचे प्रमुख. वॉरनची वस्ती 1,80,000च्या आसपास, त्यात कृष्णवर्णीय दीडशेसुद्धा नाहीत. तिथल्या मोटार कारखान्यांत मात्र ते हजारोंनी राबत आणि संध्याकाळी डेट्रॉईटला परतत. केंद्राचा निधी हवा असेल तर अशा लोकांना शहरात घर मिळण्याची वाट मोकळी करा, असं रॉम्नींच्या खात्याचं म्हणणं होतं. त्या नोव्हेंबरात मतदारांनी निधीची योजनाच मोडीत काढली.

हे खातं म्हणजे गृहनिर्माण व नगरविकास खातं, अमेरिकेत सर्रास ‘हड’ म्हणतात ते. आपल्याला सरकारी घर म्हटलं की म्हाडाची इमारत आणि सोडत आठवते. हड स्वतः विटेवर वीट ठेवत नाही. तीन हजारांहून अधिक स्थानिक गृहनिर्माण संस्थांना ते पैसे आणि नियम देतं, गृहकर्जांना हमी देतं, घर देताना वंशावरून डावललं तर तक्रार ऐकून घेतं. 1974पासून ते शहरांना विकासासाठी ठोक अनुदानही देतं. जलवाहिनी टाका, रस्ता करा, समाजमंदिर बांधा, निवड शहराची. मोठा वाटा गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या कामी आला पाहिजे, एवढी अट. कोणत्या जमिनीवर काय बांधायचं हे मात्र नगरपालिका ठरवते. घोडं अडतं ते इथे.

खात्याचा जन्मही सुखाने झाला नाही. अध्यक्ष केनेडींना असं खातं हवं होतं, पण त्याचे मंत्री रॉबर्ट वीव्हर होणार, म्हणजे कृष्णवर्णीय माणूस मंत्रिमंडळात बसणार, हे दक्षिणेतल्या खासदारांना रुचलं नाही. अखेर 1965 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी खातं उभं केलं आणि पुढच्या वर्षी वीव्हरच पहिले मंत्री झाले.

त्यांच्या पदरात मात्र एक जुनं पाप आयतं पडलं. 1934 साली निघालेलं गृहकर्ज हमीचं केंद्रीय कार्यालय हडमध्ये सामील झालं होतं. या कार्यालयाने लाखो गोऱ्या कुटुंबांना उपनगरात घर घेऊ दिलं आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जोखमीच्या ठरवून हमी नाकारली. हे सावकाराचं नव्हे, सरकारचं धोरण होतं. पुढे मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 रोजी, घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरला. तो कायदा राबवायचं काम आलं याच खात्याकडे. ज्याने कुंपण घातलं त्यानेच ते उपटायचं! रॉम्नींनी ते मनावर घेतलं, पण अध्यक्ष निक्सन यांना उपनगरांची मतं हवी होती. 1973च्या आरंभी रॉम्नी पायउतार झाले.

दरम्यान सेंट लुईसमधल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीच्या 33 अकरामजली इमारती 1972पासून पाडल्या जाऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकात बांधलेल्या वसाहतीची वीस वर्षंही धड भरली नव्हती. लोकांनी दोष वास्तुरचनेला दिला. देखभालीला पैसा नव्हता आणि शहर रिकामं होत होतं, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. 1974च्या कायद्याने मग दिशा बदलली. इमारतीऐवजी भाडेकरूला मदत. आज कुटुंबाने उत्पन्नाचे साधारण 30 टक्के भरायचे, उरलेलं भाडं एका मर्यादेपर्यंत सरकार घरमालकाला देतं. पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला केंद्राची भाडेमदत मिळते. बाकीचे यादीत. अनेक राज्यांत घरमालक भाडेमदतीवरचा भाडेकरू सरळ नाकारूही शकतो.

पत्ता बदलल्याने काय होतं, हे हडनेच तपासून पाहिलं. 1994पासून पाच शहरांतल्या सुमारे 4,600 कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली आणि काहींना कमी गरिबीच्या भागात राहण्यासाठी भाडेमदत मिळाली. मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नाही, म्हणून प्रयोग फसला असं मानलं गेलं. 2015 मध्ये राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी मुलांचा माग काढला. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची विशीतली कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी जास्त निघाली. न्यू जर्सीत घर घेताना शाळेचा दर्जा आधी पाहणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

1968च्या कायद्यात आणखी एक कलम आहे: भेदभाव टाळणं पुरेसं नाही, केंद्राचा पैसा वापरताना एकत्र वस्तीला चालनाही दिली पाहिजे. त्याचा सविस्तर नियम ओबामांच्या काळात 2015 मध्ये आला, ट्रम्प यांनी 2020 मध्ये काढला, बायडन यांनी 2021 मध्ये अंशतः परत आणला, ट्रम्प सरकारने 2025 मध्ये पुन्हा रद्द केला. मूळ कलम अजून कायद्यात आहे.