वांदा : बांडगूळ नव्हे, ऑर्किड

आंब्याच्या फांदीवर एखादे परके रोप दिसले, की बडोद्याकडचा माळी "वांदो छे" म्हणतो आणि कोयता चालवतो. गुजरातीतला हा 'वांदो', आपले 'बांडगूळ' आणि कन्नडमधले 'बदनिके' हे शब्द मुळात दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या वनस्पतींचे. गंमत अशी, की याच अर्थाचा संस्कृत 'वन्दा' हा शब्द शास्त्रज्ञांनी एका निरुपद्रवी ऑर्किडला दिला. विल्यम जोन्स यांनी तो प्रथम वापरला आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी तो शास्त्रात रूढ केला. नावाने झालेला हा घोटाळा कोयत्यापर्यंत पोहोचतो, म्हणून हा लेख.

पावागढ, जांबुघोडा, छोटा उदेपूर या बाजूला आंब्यावर किंवा मोहावर आढळणारे हे ऑर्किड म्हणजे 'वांडा टेसेलाटा'. ओळखायला फूल हवेच असे नाही. बांडगुळाची पाने रुंद असतात. फांदीला जोडलेल्या जागी गाठ येते आणि त्याची मुळे लाकडात घुसून पाणी व क्षार ओढतात. वांद्याची पाने लांब पट्ट्यांसारखी, मधोमध दुमडलेली, दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली असतात. मुळे जाड, रुपेरी पांढरी. ती सालीला नुसती धरून राहतात, आत शिरत नाहीत. झाड हे त्याचे घर, जेवणाचे ताट नव्हे.

'अकॅम्पे प्रेमॉर्सा' नावाचे दुसरे ऑर्किड मात्र फसवते. त्याची पाने अधिक जाड व ताठ असतात. फुले आली की शंका उरत नाही : अकॅम्पेची बारीक, पिवळी, तांबूस पट्ट्यांची, वांद्याची मोठी, पिवळसर तपकिरी, जाळीदार रेघांची आणि जांभळट ओठाची. 'टेसेलाटा' हे नाव या चौकटींच्या नक्षीवरूनच आले.

वैद्यांकडे हाच वांदा 'रास्ना' म्हणून येतो, पण सगळीकडे नाही. बंगालकडे रास्ना म्हणजे वांदा, उत्तरेत एक झुडूप, दक्षिणेत कुलिंजन! एका नावावर तीन प्रकारचा माल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून मोठा धडा कोणता द्यायचा?

आता लागवड. कुंडीत माती घालून लावले, तर मुळे कुजतात. आंबा किंवा चिकूच्या खरखरीत फांदीवर, नाहीतर सालीच्या तुकड्यावर, काथ्याच्या दोरीने सैलसर बांधावे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हवी. मुळांवरचा पांढरा थर टीपकागदासारखा पाणी शोषतो आणि भिजला की हिरवा दिसतो. तो हिरवा झाला, की पाणी पुरे. आमच्याकडे मे महिन्यात लू चालते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ फवारावे. पावसाळ्यात काही करू नये. थंडीत पाणी कमी करावे. पानांच्या बेचक्यात मात्र ते साचू देऊ नये. खत अगदी पातळ करून, तेही मुळे वाढत असतानाच.

बियांपासून रोप करण्याचा मोह टाळावा. एका शेंगेत धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण बीजात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटली तरच अंकुर फुटतो. बुरशीचे हे काम फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर बिया रुजवल्या. प्रयोगशाळेत हे जमते. रानात मात्र फुलावर येण्याजोगे रोप व्हायला वर्षे लागतात. कोयत्याच्या एका घावाचा हिशेब असा मांडावा लागतो.

अभयारण्यातून रोप काढणे तर गुन्हाच आहे. माझ्या गॅलरीतला वांदा रस्त्यासाठी तोडलेल्या आंब्याच्या फांदीवरून उतरवलेला आहे. मजुरांनी तो ढिगात टाकला होता. मागितला, तर हसून दिला. पहिले चार महिने त्याने एकही पान काढले नाही. पाऊस लागला आणि एका जुन्या मुळाच्या टोकाला हिरवा ठिपका दिसला. आता ते मूळ साल सोडून भिंतीकडे निघाले आहे.